मदत हवी आहे: अल-फाशरचा व्हिडिओ खरा की खोटा, आज रात्रीच कळायला हवं

कच्चाखर्डा: सुदानवरच्या लेखासोबत अल-फाशरच्या (दारफूर भागातलं शहर) एका व्हिडिओतली फ्रेम छापायची आहे. पानं आज रात्री जाणार. रिव्हर्स इमेज सर्च (चित्र टाकून तेच चित्र नेटवर शोधणं) केला, काहीच सापडलं नाही. म्हणजे व्हिडिओ नवा आहे असं धरायचं ना? जाणकारांनी लवकर सांगा.

नकाशेवेडा: व्हिडिओ कुठला, कुठून आला, किती सेकंदांचा, आवाज आहे का, खाली काय लिहिलं होतं? यातलं काहीच तुम्ही दिलेलं नाही. आणि सर्चमध्ये न सापडणं हा नवेपणाचा पुरावा नव्हे. तुम्ही एकच फ्रेम टाकली असणार, तीही धुरकट.

कच्चाखर्डा: व्हॉट्सॲपवर आला. ४८ सेकंद, आवाज आहे. खाली "२६ ऑक्टोबर, आरएसएफ शहरात घुसली" एवढंच, म्हणजे २०२५ चा. (आरएसएफ म्हणजे सुदानच्या सैन्याशी लढणारं निमलष्करी दल.) पांढऱ्या पिकअप, पळणारी माणसं, मागे मशीद. अजून काय हवं?

नकाशेवेडा: व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा, थांबवा आणि 'ई' कळ दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. कॅमेरा स्थिर असेल अशा पाच-सहा फ्रेम काढा. माणसं आणि गाड्या कापून टाका, फक्त इमारत ठेवा आणि मग शोधा. गूगल लेन्स, यांडेक्स, टिनआय तिन्हीकडे वेगवेगळं बघा. इमारती ओळखण्यात यांडेक्स बऱ्याचदा पुढे असतं.

व्हॉट्सॲप फाइल दाबून लहान करतं, त्यात चित्रीकरणाची मूळ नोंद उरत नाही. पाठवणाऱ्याकडून टेलिग्रामवरची मूळ पोस्ट मागवा. तिथली वेळ तुमच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे दिसते, सुदान यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) दोन तास पुढे आहे. हा हिशेब चुकला तर तारीखच बदलते.

रानवाट: एवढ्या खटाटोपाची गरज नाही. नासाच्या फर्म्सवर (उपग्रहांना दिसलेल्या आगींचा नकाशा) त्या दिवसाचे आगीचे ठिपके बघा. शहरात ठिपके असले तर व्हिडिओ खरा.

नकाशेवेडा: असहमत. फर्म्सचा एक ठिपका ३७५ मीटरचा, जुन्या सेन्सरचा तर एक किलोमीटरचा. शेतातला पालापाचोळा पेटवला तरी ठिपका येतो. त्या दिवशी कुठेतरी आग होती एवढंच त्यातून कळेल, हा व्हिडिओ त्या दिवसाचा आहे हे कळणार नाही.

दुभाष्या: आवाज नीट ऐका. 'झोल' हा शब्द आला तर बोलणारा बहुधा सुदानी. पण त्यावरून शहर ठरत नाही आणि वर्षही नाही. पिकअपवर तर अजिबात भिस्त ठेवू नका, तसल्या लँड क्रूझर लिबिया, चाड, येमेन सगळीकडे आहेत.

अनुस्वार: आधी नाव नीट लिहा. मूळ अरबी उच्चार 'अल-फाशिर' असा आहे. 'एल फशेर' हे इंग्रजी स्पेलिंगवरून आलंय. आणि 'डार्फर' नाही, 'दारफूर', म्हणजे फूर लोकांचं घर.

रानवाट: हे कोणी विचारलं होतं?

काळवेळ: @कच्चाखर्डा, लेखात "अरब विरुद्ध आफ्रिकी" असं लिहिलं असेल तर ते वाक्य आधी काढा. १५ एप्रिल २०२३ ला युद्ध पेटलं ते लष्करप्रमुख बुरहान यांचं सैन्य आणि हेमेदती यांची आरएसएफ यांच्यात. २०२१ चा लष्करी उठाव दोघांनी मिळून केला होता. हे सत्तेचं भांडण आहे.

दुभाष्या: अर्धंच सांगताय. आरएसएफ २०१३ मध्ये जंजावीद या दारफूरमधल्या अरब सशस्त्र टोळ्यांमधूनच उभी राहिली. २०२३ मध्ये पश्चिम दारफूरमधल्या अल-जुनैनात मसालित जमातीच्या लोकांना वेचून मारलं, अल-फाशरमध्ये झगावा जमातीवर रोख होता. खार्तूममधल्या सत्तेच्या भांडणाला दारफूरमध्ये वंशाची धार आहे. दोन्ही लिहा. आणि मरणारे-मारणारे बहुतेक सगळे मुसलमानच आहेत, हेही लिहा, कारण वाचक हटकून धर्मयुद्ध समजतात.

कच्चाखर्डा: अहो, व्हिडिओचं काय?

नकाशेवेडा: सावल्या कशा आहेत ते सांगा. मोकळ्या सपाट जागेतला उभा खांब किंवा उभा माणूस बघा. पायाशी पडलेली सावली उंचीच्या किती पट आहे?

कच्चाखर्डा: विजेचा खांब आहे, ऊन कडक आहे. सावली अगदी आखूड, उंचीच्या पाचव्या हिश्श्याएवढीही नाही. रस्त्यात पाण्याची डबकी आहेत. महत्त्वाचं आहे का?

नकाशेवेडा: हेच तर आधी सांगायचं! अल-फाशर साधारण १३.६ उत्तर अक्षांशावर आहे. २६ ऑक्टोबरला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेबारा अंशांवर असतो. म्हणजे भर दुपारीसुद्धा तो तिथे ६४ अंशांच्या वर चढत नाही. दहा फुटी खांबाची सावली त्या दिवशी पाच फुटांहून फारशी कमी होणारच नाही. तुमची दोन फूटही नाही. सनकॅल्क या सूर्याची जागा दाखवणाऱ्या साइटवर ठिकाण आणि तारीख टाकून स्वतः ताडून बघा.

रानवाट: कॅमेऱ्याच्या कोनामुळे सावली आखूड दिसू शकते.

नकाशेवेडा: दिसते, हे बरोबर. सावली कॅमेऱ्याच्या रोखाने पडली असेल तर फसगत होते. म्हणून दिशाही बघू. मशिदीचा मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा) मक्केकडे असतो. अल-फाशरहून ती दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे साधारण ५८ अंश. मिहराबच्या भिंतीचा फुगवटा बाहेरून दिसतो का? त्याकडे तोंड केलं तर सावली कुठल्या हाताला?

कच्चाखर्डा: दिसतो. उजव्या हाताला.

दुभाष्या: थांबा, व्हिडिओ आरशासारखा डावा-उजवा उलटवलेला नाही ना? सुदानमध्ये वाहतूक उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे. पाट्यांवरची अक्षरंही बघा.

कच्चाखर्डा: स्टिअरिंग डावीकडेच. पाटीही सुलट आहे.

नकाशेवेडा: ईशान्येकडे तोंड केलं की उजवा हात आग्नेयेला येतो. मग सावली दक्षिणेकडे झुकली आहे. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे सूर्य दिवसभर आकाशाच्या दक्षिण भागात असतो, सावली कायम उत्तरेकडे झुकते. मशीद थोडी तिरकी बांधलेली असली तरी एवढा फरक पडत नाही. आणि एवढी आखूड, दक्षिणेकडची सावली तिथे एप्रिल अखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतच पडते. डबकीही त्यालाच जुळतात, दारफूरचा पाऊस जून ते सप्टेंबर. जागा अल-फाशर असली तरी तारीख खोटी आहे. छापू नका. खरोखर मारल्या गेलेल्यांची साक्ष असल्या एका फ्रेममुळे खोटी ठरवली जाते, "तोही व्हिडिओ जुना होता" म्हणत.

कच्चाखर्डा: काढली. आता त्या जागी काय टाकू? दोन तास आहेत.

काळवेळ: आरएसएफने वेढ्यात शहराभोवती घातलेला मातीचा बांध. कोपर्निकस ब्राउझरवर (युरोपच्या उपग्रहचित्रांची साइट) सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं घ्या, फुकट आहेत. १० मीटरचं रिझोल्यूशन, गाडी दिसत नाही पण बांधाची रेघ दिसते. २०२५ च्या एप्रिलमधलं एक आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीचं एक, दोन्ही बिनढगाची, शेजारी शेजारी लावा. खाली उपग्रहाचं नाव, चित्राची तारीख आणि "कोपर्निकस सेंटिनेल डेटा २०२५" एवढं श्रेय द्या.

अनुस्वार: आणि फोटोओळीत 'अल-फाशिर'.