मदत हवी आहे : पायाभूतपेक्षा संकलितला गुण कमी, प्रगती कशी दाखवायची?

डोंगरवाट
शनिवारी आमच्या केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद आहे. केंद्रप्रमुखांनी प्रत्येक मुलाचा तुलनात्मक तक्ता मागितलाय, पायाभूत (वर्षाच्या सुरुवातीची चाचणी) आणि संकलित १ (पहिल्या सत्राची चाचणी) शेजारी शेजारी. माझ्या वर्गात सात जणांचे गुण खाली आलेत. त्यातले चौघं जूनपेक्षा कितीतरी पुढे गेलेत, मी रोज बघतेय. तरी त्यांच्या नावापुढे ‘घट’ लिहायचं? हात धजत नाही. काय करता येईल? लवकर सांगा.

काटकोन
इयत्ता कोणती? विषय कोणता? ‘पुढे गेलेत’ म्हणजे आधी काय येत नव्हतं आणि आता काय येतं? एवढ्यावरून काहीच सांगता येणार नाही.

हिशोबनीस
एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम. दोन्ही चाचण्यांचे शेकडा गुण काढा, वजाबाकी करा, उणे आलं की रकाना लाल. माझी शीट तयार आहे. श्रेणीही आपोआप पडते, ९१ पासून अ-१, ८१ ते ९० अ-२, अशी थेट इ-२ पर्यंत. वर्णनात्मक नोंदीसुद्धा आपोआप येतात. हवी असल्यास व्यक्तिगत निरोप करा.

काटकोन
लाल रकाना हीच तर त्यांची अडचण आहे! आणि आपोआप नोंदी तर मुळीच नकोत. आमच्या केंद्रात वही कुठलीही उघडा, ‘कविता तालासुरात म्हणतो’. जो मुलगा वर्षभर तोंड उघडत नाही त्याच्याही पुढे तेच.

हिशोबनीस
दोन वर्ग एकत्र सांभाळून, सगळ्या विषयांच्या नोंदी, दोन्ही सत्रांच्या, हाताने लिहून बघा. मग बोलू. वर शाळाबाह्य कामं आहेतच.

डोंगरवाट
तिसरी. गणित. द्विशिक्षकी शाळा आहे, माझ्याकडे तिसरी-चौथी. एकाचं सांगते. जुलैत ५२ − २७ चं उत्तर तो ३५ लिहायचा, दरवेळी. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. जो अंक मोठा, त्यातून लहान काढायचा. आता काड्यांचा एक गठ्ठा सोडून दहा सुट्या करतो, २५ सांगतो, वहीतही नीट मांडतो. संकलितला तीन अंकी संख्यांचं शाब्दिक उदाहरण आलं, ते त्याने कोरं सोडलं. पायाभूतला ४५ टक्के होते, आता ३८. एक्सेल येतं हो मला, प्रश्न तो नाहीये.

पालक_एक
मी शिक्षक नाही, पण आमच्या वेळी वार्षिक परीक्षा आणि नंबर असायचा, मूल कुठे आहे ते घरी कळायचं. आता श्रेणी बघून काही कळत नाही आणि आठवीपर्यंत सगळे वरच्या वर्गात. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

काटकोन
ते बदललं. २०१९ मध्ये आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात दुरुस्ती झाली, राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा. आणि नंबर कळला म्हणजे ५२ − २७ कुठे अडतंय ते कळतं का?

मोरपंख
डोंगरवाट ताई, घट झालेलीच नाही. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अभ्यासक्रमावर असते. म्हणजे तुमच्या मुलांना दुसरीचं विचारलं. संकलित १ मध्ये तिसरीच्या पहिल्या सत्राचं विचारलं. पट्टीच बदलली, तर ४५ मधून ३८ वजा करून काय हाती लागणार? प्रगती बघायची तर तेच काम पुन्हा द्या. जुलैतल्याच धर्तीच्या पाच वजाबाक्या, तेवढीच हातच्याची अडचण असलेल्या, अंक बदलून. वाचनासाठी असर या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणातली पातळी वापरा, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एका मुलाला दोन-तीन मिनिटं पुरतात. नोकरीची शेवटची काही वर्षं मी हेच केलं.

काटकोन
मोरपंख सर, पट्टीचं पटलं, असरचं नाही. ते साधन घरोघरच्या सर्वेक्षणासाठी केलेलं. गोष्ट वाचली की वरची पायरीच नाही, आणि गणित भागाकाराशी थांबतं. भूमिती, मापन, काही नाही. त्यापेक्षा निपुण भारत या वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेची उद्दिष्टं घ्या. दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीअखेर किमान ६०, समजून.

मोरपंख
वरच्या मुलांसाठी मान्य. पण जे मूल अजून पहिलीच्या पातळीवर वाचतंय त्याला तिसरीची प्रश्नपत्रिका दिली तर जुलैतही काही लिहिणार नाही, ऑक्टोबरातही नाही. मधल्या काळात ते अक्षरावरून शब्दावर आलं, हे त्या कागदात कुठेच उमटत नाही. घड्याळाचं मात्र जपून. साठ शब्दांच्या नादात मुलं पूर्णविराम खातात आणि शेवटी ‘काय वाचलंस?’ विचारलं की गप्प.

उसाचं_गाव
आमच्याकडे दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापांच्या ऊसतोडीपायी साखर कारखान्यावर. हंगामी वसतिगृहात थोडी राहतात, बाकीची आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत. पायाभूत दिलेलं पोर संकलित २ ला, दुसऱ्या सत्राच्या चाचणीला, हजर नसतं. त्याची रेघ तक्त्यात कुठून कुठे ओढायची? आणि गुण भरायला खात्याचा ऑनलाइन चॅटबॉट उघडावा तर गावात रेंज नाही, टेकडीवर जावं लागतं. याबद्दल कोणी बोलत नाही.

काटकोन
महत्त्वाचं आहे, वेगळा धागा काढा ना. इथे हरवेल.

डोंगरवाट
मोरपंख सर, पटलं. पण तक्त्यात रकाने ठरलेले आहेत. लिहू काय?

मोरपंख
गुण आहेत तेच भरा, अर्ध्या गुणाचाही फेरफार नको. फरकाच्या रकान्यात ‘अभ्यासक्रम वेगळा’ लिहा. शेऱ्यात ‘जुलै : हातच्याच्या पाचपैकी इतक्या बरोबर, आता इतक्या.’ वहीतली दोन्ही पानं सोबत न्या आणि केंद्रप्रमुखांपुढे उघडून ठेवा. पण सातमधले उरलेले तिघं? त्यांच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

डोंगरवाट
त्यांचं मलाच कळत नाहीये. तोंडी उदाहरण घातलं की बोटांवर करून पटकन सांगतात. कागदावर तेच चुकतं.

काटकोन
मग आधी वाचन तपासा. तेच उदाहरण एकदा त्यांना वाचायला द्या, एकदा तुम्ही वाचून दाखवा. दुसऱ्या वेळी जमलं तर गणित येतंय, वाचन अडतंय. त्यांच्या बाबतीत ‘घट’ही चूक आणि ‘प्रगती’ही घाईची.

डोंगरवाट
उद्या परिपाठानंतर त्या तिघांनाच आधी बसवते. @हिशोबनीस, शीट पाठवा, बेरजा-टक्केवारीला लागेल. नोंदींचा रकाना मात्र मोकळा ठेवा, तो मी हाताने लिहिणार.