मदत हवी आहे: गांडूळ खताने पिठ्या ढेकूण आटोक्यात येतो का?

नमस्कार मंडळी. गच्चीवर जास्वंदीच्या चार कुंड्या आहेत. दरवर्षी उन्हाळा लागला की शेंड्यांवर पांढरा कापूस दिसतो, म्हणजे पिठ्या ढेकूण. मागोमाग मुंग्यांची रांग. कळ्या उमलण्याआधीच गळतात, फार जीव तुटतो. निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी फवारते, पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचा २००५ सालचा अभ्यास वाचनात आला. कुंडीतल्या मिश्रणात २० आणि ४० टक्के गांडूळ खत घातल्यावर मिरचीवर मावा आणि पिठ्या ढेकूण, तर टोमॅटोवर पिठ्या ढेकूण कमी आढळले. पण ते प्रयोग हरितगृहातल्या कोवळ्या रोपांवर होते. माझी झाडं पाच वर्षांची, मुळांनी कुंडी गच्च भरलेली. तिथे एवढं खत मिसळायचं कसं? छाटणी करून कुंडी बदलावी, की वरची माती उकरून दर महिन्याला दोन मुठी घातल्या तरी चालेल?

व्हर्मीवॉश (गांडूळ खतातून झिरपलेलं पाणी) पानांवर फवारणाऱ्यांनी पाण्यात किती मिसळता तेही सांगा. जास्वंदीवरच अनुभव असेल तर फारच बरं. रासायनिक औषध मला नको, फुलं रोज देवाला वाहते आणि सूर्यपक्षीही येतात.