जप्त हत्याराचा नंबर तपासणं : खान्देशात त्याचा उपयोग किती?

तापीकाठ, जळगाव
जप्तीच्या बातमीत 'एक पिस्तूल, दोन जिवंत काडतुसं' एवढंच छापून येतं. नंबराचं काय झालं ते कधीच कळत नाही. माझं ठाम मत आहे : सापडलेल्या प्रत्येक हत्याराचा नंबर त्याच दिवशी परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसमध्ये, म्हणजे एनडालमध्ये, आणि सीसीटीएनएस या पोलिसांच्या देशभरच्या गुन्हे-नोंद प्रणालीतल्या चोरीच्या नोंदींत टाकून बघितलाच पाहिजे. कारखाना, विक्रेता, पहिला परवानाधारक हे तीन दुवे कागदावर असतात. पहिला मालक कळला की हत्यार त्याच्या हातून कधी आणि कसं सुटलं ते विचारता येतं. चोरीची तक्रारच नसेल, तर तोही तपासाचा धागाच.

सातपुडा, चोपडा
भाऊ, तत्त्व बरोबर, पण आपल्या मुलखात त्याला जागा थोडी. इथल्या कारवायांत नाव वारंवार येतं ते मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टी गावाचं. गावठी कट्ट्याला नंबर कुठला? उलट भाव वाढावा म्हणून नळीवर 'मेड इन यूएसए' कोरतात, वर मनाचे आकडे ठोकतात. तो आकडा डेटाबेसात टाकला तर काहीच येत नाही, नाहीतर भलत्याच माणसाच्या बंदुकीशी जुळतो. त्यापेक्षा घटनास्थळी सापडलेली काडतुसाची रिकामी पुंगळी आणि जप्त कट्टा फॉरेन्सिक लॅबला लवकर पाठवा. अशा कट्ट्याच्या नळीत गोळीवर खुणा पाडणारे आटेच बऱ्याचदा नसतात, त्यामुळे गोळीवरून जुळणी अवघड जाते. पण पुंगळीच्या बुडावर फायरिंग पिनचा, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या खिळ्याचा, ठसा उमटतो, तो बोलतो.

पांझरा, धुळे
दोघंही मधला टप्पा सोडताय. नंबर तपासणी फसते ती डेटाबेसात नाही, पंचनाम्यात. बारा बोअरची दुनळी घ्या. नळीवर नंबर, अ‍ॅक्शनवर नंबर, पुढच्या लाकडाखालच्या लोखंडावर नंबर. शिवाय प्रूफ मार्क (नळीच्या चाचणीचा शिक्का), पेटंट क्रमांक आणि बोअरचा आकडा. घाईत पेटंट क्रमांकच हत्याराचा नंबर म्हणून लिहिला जातो. शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी यांची गल्लत तर नेहमीची. तिन्ही भागांवरचे नंबर जुळत नसतील तर भाग बदललेले असू शकतात, म्हणून तिन्ही लिहायचे.
नुसता नंबर पुरत नाही, कारण दोन कंपन्यांच्या हत्यारांवर तोच आकडा असू शकतो. कंपनी, मॉडेल, बोअर, नंबर अशी चौकडी हवी. उजेड बाजूनं तिरका पाडून, पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्यावा. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 105 मुळे आता जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं, मग त्यातच नंबर जवळून दाखवायला काय हरकत आहे?
आणखी एक आपल्याकडची अडचण. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. शहादा, तळोदा, अक्कलकुव्याचे त्याआधीचे परवाने धुळ्याहून दिलेले. जुन्या हत्याराचा माग नंदुरबारला लागला नाही, तर धुळ्याचं रजिस्टर उघडल्याशिवाय 'नोंद नाही' असं लिहू नये. ठासणीच्या बंदुकीवर तर अनेकदा कंपनीचा नंबरच नसतो.

सातपुडा, चोपडा
पांझरा, तुमनं म्हननं खरं शे. पण हे सगळं परवान्याच्या हत्यारांचं झालं.

वरणगावकर
कट्टा बिननंबरी असेल, काडतूस नसतं! काडतूस बनवायला सहसा कारखाना लागतो. त्याच्या बुडावर शिक्का असतो : केएफ म्हणजे खडकीचा, ओएफव्ही म्हणजे आपल्या वरणगावचा दारूगोळा कारखाना. शिक्क्यावरून विकत घेणारा कळत नाही, हे खरं. पण खडकीची 7.65 मिमी बोअरची काडतुसं कट्ट्यासोबत सापडली, तर ती कुठल्या तरी परवान्यावर विकली गेली असण्याची शक्यता मोठी. कुठल्या परवान्यावर किती दिली ते विक्रेत्याच्या रजिस्टरात असतं. त्या बोअरचा कोटा कोण भराभर उचलतो ते तिथून काढायचं.

तापीकाठ, जळगाव
हे माझ्या मुद्द्यालाच बळ देतं. आणि नंबर खरवडलेला असला तरी हात टेकू नयेत. लोखंडी ठशानं नंबर ठोकताना खालचं पोलादही दाबलं जातं. वरचा आकडा घासला तरी तो दाब खाली उरतो. लॅबमध्ये पृष्ठभाग गुळगुळीत करून क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं फ्रायचं द्रावण फिरवतात, दबलेला भाग वेगळ्या गतीनं झिजतो आणि आकडे दिसू लागतात. काही आकडे क्षणभरच दिसतात, म्हणून प्रत्येक टप्प्याला फोटो. ठाण्यातल्या कुणी आधीच तिथं पॉलिश पेपर मारला तर हे सगळं वाया जातं. शस्त्र कायद्याच्या कलम 8 नुसार खोडलेल्या नंबराचं हत्यार ज्याच्याकडे सापडतं, त्यानंच ते खोडलं असं गृहीत धरतात. उलट सिद्ध करणं त्याच्यावर.

सातपुडा, चोपडा
कलम 8 मान्य. पण मुळात नंबरच नसलेल्या कट्ट्याचा माग त्यानं लागत नाही. कट्ट्याच्या प्रकरणात वेळ पुंगळीवर आणि वाहतुकीच्या साखळीवर घालवा, हे माझं मत कायम. काडतुसाचा मुद्दा मात्र घेतला. जप्तीच्या पंचनाम्यात 'दोन जिवंत काडतुसं' याऐवजी बुडावरचा शिक्का अक्षरशः लिहिला, तर वरणगावकर म्हणतात ते रजिस्टर उघडायला निदान कारण मिळेल.

पांझरा, धुळे
आणि वारसांच्या घरी पडून असलेल्या बंदुका? परवानाधारक वारला की हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. ते राहून गेलं, तर चोरी झाली तरी तक्रार द्यायला घरचे धजावत नाहीत, आणि डेटाबेसात ते हत्यार मयताच्याच नावावर दिसत राहतं. मृत्यूच्या नोंदी परवान्यांच्या यादीशी वर्षातून एकदा ताडून बघा. रावेर-यावलकडे पिकाच्या राखणीचे जुने परवाने आहेत, सुरुवात तिथून करा.