‘शान्तिः’ तीनदाच का म्हणतात?

प्रश्न (खानापूर तालुका):
नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. गुरुजींनी शेवटी ‘ॐ शान्तिः शान्तिः शान्तिः’ म्हटले, तेव्हा शेजारच्या कन्नड भाषक आजींनीही हात जोडून तेच शब्द आमच्याबरोबर उच्चारले. माझ्या धाकट्या मुलीने मात्र नंतर विचारले, ‘‘एकदा मागितलेले देवाला ऐकू येत नाही का?’’ मला उत्तर देता आले नाही. शिवाय त्याच दिवशी ‘द्यौः शान्तिः’ हा मंत्रही म्हटला गेला, त्यात तर हा शब्द कितीतरी वेळा येतो. या दोन्ही ठिकाणी शब्द पुन्हा पुन्हा येण्याचे कारण एकच असावे काय?

उत्तर १ (निपाणी):
तीन वेळा म्हणण्यामागे तापत्रय आहे, असे आमच्याकडे कीर्तनातून ऐकत आलो. आपल्या देहामनातून उठणारे ते आध्यात्मिक, इतर प्राणिमात्रांकडून होणारे ते आधिभौतिक, आणि अवर्षण, वीज, पूर यांसारखे आपल्या हाताबाहेरचे ते आधिदैविक, अशा तिन्ही दुःखांचे शमन व्हावे म्हणून एकेक ‘शान्तिः’. ही कल्पना केवळ कीर्तनकारांची नव्हे. तैत्तिरीय उपनिषदाच्या आरंभीच्या शांतिमंत्रावर भाष्य करताना शंकराचार्यांनी या त्रिवार उच्चाराचा हाच अर्थ दिला आहे; फक्त त्यांच्या मते ही तीन प्रकारची विघ्ने विद्या मिळवण्याच्या वाटेवरची आहेत. अध्ययनाच्या आरंभी म्हटल्या जाणाऱ्या मंत्राला ते साजेसेच आहे. समर्थांच्या दासबोधातही तिसऱ्या दशकातील सहावा, सातवा व आठवा समास या तीन तापांवरच आहेत. मात्र तेथे आधिदैविक तापाचा अर्थ मरणोत्तर यमयातना असा केला आहे, त्यामुळे वाचताना गोंधळ होऊ देऊ नये.

उत्तर २ (शहापूर, बेळगाव):
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. ‘द्यौः शान्तिः’ हा शुक्ल यजुर्वेदातील (वाजसनेयी संहिता ३६.१७) मंत्र असून त्यात ‘शान्ति’ शब्द बारा वेळा येतो, तरी ती तापत्रयाची पुनरुक्ती नाही. तेथे द्युलोक, अंतरिक्ष, पृथ्वी, पाणी, ओषधी, वनस्पती, विश्वेदेव, ब्रह्म आणि ‘सर्व’ यांच्यापुढे शब्द प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो. म्हणजे शब्द तोच, पण त्याचा धनी दरवेळी वेगळा. त्यानंतर ‘शान्तिरेव शान्तिः’ असे येते, जणू आता शांती स्वतःच शांत असो, आणि शेवटी ‘सा मा शान्तिरेधि’, ती शांती मला लाभो. आकाशापासून निघून मंत्र म्हणणाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो, हे मला त्यातले सर्वांत सुंदर वाटते.

संस्कृतात द्विरुक्तीला व्याकरणाचेही अधिष्ठान आहे. पाणिनीने ‘नित्यवीप्सयोः’ (८.१.४) या सूत्रात सातत्य आणि ‘प्रत्येक’ असा व्याप्तीचा अर्थ यांसाठी शब्द दोनदा येतो, असे सांगितले आहे. आपण ‘घरोघरी’ म्हणतो, ‘हळूहळू’ म्हणतो. कन्नडमध्ये ‘मेल्ल मेल्ल’ म्हणतातच. उपनिषदांत आणखी एक रूढी दिसते: प्रश्नोपनिषद ‘नमः परमऋषिभ्यो नमः परमऋषिभ्यः’ असे एकच वाक्य दोनदा म्हणून संपते. हे ग्रंथसमाप्तीचे चिन्ह आहे. म्हणून सर्व पुनरुक्ती एकाच किल्लीने उघडू नयेत.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. मुलीला मी तीन तापांचे सांगितले, पण तिला बारा वेळा येणारी शांतीच अधिक पटली, कारण त्यात पाणी आणि झाडे आहेत. एक लहान शंका: गुरुजी तिसरी ‘शान्तिः’ अगदी हळू म्हणत होते, ते मुद्दाम असते काय?

उत्तर २:
होय, अनेक ठिकाणी आवाज उतरता ठेवतात. काही आचार्य याची सांगड तापत्रयाशी घालतात: दूरच्या संकटासाठी मोठा आवाज, जवळच्यासाठी मध्यम, आणि स्वतःच्या मनासाठी केवळ कानाला लागेल इतका. हे स्पष्टीकरण मला रुचते, तरी त्याला नियम मानू नये. उच्चाराबाबत मात्र काटेकोर राहावे: विसर्गाच्या आधी इकार असल्याने तो ‘शान्तिहि’ असा ऐकू येतो, ‘शान्तिहा’ असा नव्हे.