९ वर्षांच्या मुलाला एकट्याने कुत्रा फिरवायला पाठवायचं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लांबलंय थोडं पण पूर्ण वाचा, मला खरंच काही सुचेनासं झालंय.

आम्ही जळगावात राहतो, पिंप्राळ्याच्या बाजूला. घरात मी, मिस्टर, सासूबाई, मुलगा ९ वर्षांचा चौथीत, मुलगी ६ वर्षांची आणि गुंड्या. गुंड्या म्हणजे आमचा कुत्रा, अडीच वर्षांचा. माझ्या मामांचा रावेरकडे केळीचा मळा आहे तिथून पिल्लू असताना आणलेला, आई गावठी आणि बाप कुणाचातरी लॅब्रॅडॉर असणार असं मामा म्हणतात. स्वभावाने एकदम गरीब, पोरांनी कान ओढले तरी गप पडून राहतो, पण अंगात ताकद फार आहे.

मिस्टर भुसावळला रेल्वेत, शिफ्ट ड्युटी, त्यामुळे संध्याकाळी गुंड्याला बाहेर न्यायचं काम माझ्याकडे. आणि नेमकी तीच वेळ स्वयंपाकाची, पोरांच्या अभ्यासाची. मुलगा कधीचा मागे लागलेला, मी नेतो, मी मोठा झालोय, शेवटी दिवाळीनंतर मी हो म्हटलं, फक्त गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. पंधरावीस वेळा नीट गेला आला, मला पण बरं वाटायला लागलं की पोरगा जबाबदारी घेतोय, आणि मी गॅलरीतून बघायचं सुद्धा बंद केलं.

मागच्या मंगळवारी साडेसात वाजता गेला. टोकाला अंडाभुर्जीची गाडी लागते तिथे तीन भटकी कुत्री बसलेली असतात, त्यातलं एक भुंकत अंगावर आलं आणि गुंड्याने झेप घेतली. पोराने साखळीचे मनगटाला दोन वेढे घेतले होते. ते मीच सांगितलेलं त्याला, घट्ट धर, काही झालं तरी सोडू नको. त्याला सोडताच येईना. पालथा पडला आणि खडीवरून फरफटत गेला, आजूबाजूला ती कुत्री. गिरणीवाले काका काठी घेऊन धावले म्हणून सुटला. धाकटी पण त्याच्या मागे मागे गेली होती, मला माहितीच नाही, ती रडत घरी आली, आई दादा पडला.

कोपर आणि गुडघा सोलून निघालेला, बारीक खडे कातडीत रुतलेले. मनगटावर साखळीच्या कड्या एकेक मोजता येतील असे निळे वळ. आणि पोटरीवर दोन रेघा, त्यातल्या एकीवर रक्ताचा टिपूस, पण त्या दाताच्या की नखाच्या की खडीच्या ते कोणालाच सांगता येईना. सासूबाई चटणी म्हणजे लाल तिखट घेऊन आल्या, आपल्याकडे कुत्रं चावलं की चटणी भरायची जुनी पद्धत आहेच. त्यांची माया कळते मला पण मी लावू दिली नाही, नळाखाली पाय धरला आणि साबण लावून घड्याळ बघून १५ मिनिटं धुतला, तो ओरडत होता आणि मी पण रडत होते. मग सरकारी दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले रक्त न येता नुसता ओरखडा असला तरी लस घ्यायचीच, आणि रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत सीरम पण. एकदा रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळपास वाचतच नाही, त्यामुळे भटकं कुत्रं असेल तर बघू करू करत बसायचंच नाही. कार्डावर ०, ३, ७, २८ अशा दिवसांच्या तारखा लिहून दिल्यात, दोन डोस झाले, तिसरा येत्या मंगळवारी.

आता माझा प्रश्न. पोरगा चार दिवसांत खडखडीत आहे आणि परत म्हणतोय मी नेतो. मिस्टरांचं म्हणणं, एकदा पडला म्हणून काय झालं, मी त्याच्या वयात चोपड्याकडे म्हशी घेऊन तापीवर जायचो. पण म्हैस आपल्या वाटेने चालते, आणि तेव्हा वाटेत दर शेतात ओळखीचं माणूस असायचं, हे त्यांना कसं समजवू? सासूबाई सरळ म्हणतात, पोऱ्या धाकला शे आजून, त्याना हातमा कुत्रं देऊ नको. मला त्यांचं पटतंय. पण पोराला कायमचं नाही म्हटलं तर त्याचं मन मोडेल. रात्री तो गुंड्याजवळ जाऊन त्याच्या कानात सॉरी म्हणत होता, चूक कोणाचीच नसताना.

काल मी वजनकाटा काढला. गुंड्याला उचलून वजन केलं आणि माझं वजा केलं, २८ किलो. पोरगा २६. हे मी आधी का नाही केलं?

कोणत्या वयापासून एकटं पाठवता तुम्ही? तोपर्यंत काय करता? आणि समजा आपलं कुत्रं दुसऱ्याला चावलं आणि साखळी लहान मुलाच्या हातात असली तर जबाबदारी कोणाची? कृपया ज्यांच्या घरी कुत्री आणि लहान मुलं दोन्ही आहेत त्यांनी सांगा.

प्रतिसाद:
ताई, आधी एक, चटणी लावू दिली नाही आणि धुतलं ते फार चांगलं केलं. तारखा चुकवू नका, पोरगा कितीही ठणठणीत दिसला तरी.

मी धुळ्याचा, तीस वर्षं घरात कुत्री आहेत. वय बघू नका, दोन गोष्टी बघा. पोराच्या वजनापुढे कुत्रं किती, आणि समोरून दुसरं कुत्रं आलं तर काय करायचं ते पोराला त्या क्षणी सुचेल का. दुसरं जास्त महत्त्वाचं. अशा वेळी साखळी सोडून द्यायची असते आणि हात अंगाला चिकटवून झाडासारखं उभं राहायचं, पळायचं नाही. लहान पोरगं हे करूच शकत नाही, त्याला वाटतं सोडलं तर आपला गुंड्या जाईल. पोरं कुत्र्यासाठी जीव टाकतात, म्हणूनच एकटं पाठवायचं नाही. माझ्या घरी नातू तेरा वर्षांचा झाल्यावर एकटा जायला लागला आणि तो पण आमच्या म्हाताऱ्या कुत्रीला घेऊन, तरण्या कुत्र्याला नाही.

जबाबदारीचं म्हणाल तर ती मोठ्यांचीच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, जनावर पाळणाऱ्याने निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोराच्या हातात दिलं होतं म्हणून आपण सुटत नाही.

पण पोराला लांब करू नका. दोन दोऱ्या लावा, एक तुमच्या हातात, एक त्याच्या, खरा जोर तुमच्या दोरीवर. दोरीची मूठ मनगटात कधीच अडकवायची नाही, वेढे तर नाहीच. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या, ओढलं की कुत्रं आपोआप वळतं. गोचीड काढणं, ब्रश, पाणी, जेवणाची वेळ, गुंड्याच्या रेबीजच्या लशीची तारीख हे सगळं पोराकडे सोपवा, तीही जबाबदारीच. आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे ४४-४५ डिग्री असतं तेव्हा निघण्याआधी हाताची उलटी बाजू डांबरावर पाचसात सेकंद ठेवायची, आपल्याला सहन नाही झालं तर त्याच्या पंजालाही नाही होत. हे काम माझा नातू सहा वर्षांचा होता तेव्हापासून करायचा, आणि कोणाला विसरू द्यायचा नाही.

धागाकर्ती:
जिभाऊ, खूप खूप आभार. तुमचा प्रतिसाद मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवला, म्हशींचं काही बोलले नाहीत, फक्त विचारलं दुसरी दोरी किती लांब घ्यायची. काल रात्री जेवणं झाल्यावर साडेनऊला आम्ही तिघं आणि गुंड्या गेलो, भुर्जीची गाडी टाळून उलट्या बाजूने. साखळी माझ्या हातात, पोराच्या हातात जुनी सुती दोरी, मूठ उघडी ठेवून. मी मध्येच म्हणायचे सोड, आणि तो सोडायचा. पहिल्या तीन वेळा नाही सोडली त्याने. चौथ्या वेळी सोडली आणि झाडासारखा उभा राहिला, गुंड्या वळून त्याच्याचकडे आला.

तो छातीवर कडी असलेला हार्नेस २८ किलोच्या कुत्र्याला कोणत्या मापाचा लागतो? गळ्याचं माप घ्यायचं की छातीचं? जळगावात दुकानात बघून घेतला तर बरा की ऑनलाइन चालेल?