शेजाऱ्यांशी भांडण न होता परसात चार कोंबड्या: जमेल का?

धायरीचा_नील

नमस्कार मंडळी. पुण्यात धायरीला रो-हाउसमध्ये राहतो. मागे बारा बाय पंधराचं परस आहे. त्यात एक शेवगा, एक कढीपत्ता आणि बायकोचे मेथी-पालकाचे दोन वाफे. मुलगी तिसरीत आहे, आजोळी सांगोल्याला गेली की दिवसभर कोंबड्यांच्या मागे. या खेपेला सासूबाईच म्हणाल्या, चार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) देते, घेऊन जा. बायकोची अट एकच: वास आला तर कोंबड्या आणि मी, दोघांनीही सांगोल्याला परत जायचं.

डावीकडचे शेजारी रातपाळी करतात, सकाळी सातला येऊन झोपतात. उजवीकडे एक आजी आहेत, कट्टर शाकाहारी, पण माणूस मोकळा. अंड्यांसाठी कोंबडा ठेवावाच लागतो का? खर्च किती येतो? गावठीच घ्याव्यात की दुसऱ्या कुठल्या? इंटरनेटवर जो तो कडकनाथ घ्या म्हणतोय. ऑनलाइन एक तयार लाकडी पिंजरा पाहिलाय, लाल कौलांचा, मुलीला फार आवडलाय. आणि परवानगी वगैरे लागते का?

परसातली_अक्का (कोल्हापूर)

नील, कोंबडा नको. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालते, पिल्लं काढायची असतील तरच तो लागतो. आमच्या सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही, रोज तीच अंडी खाऊनसुद्धा. कोंबडं झाकल्यानं उजाडायचं राहत नाही म्हणतात, शहरात तर झाकलेलं कोंबडंही पहाटे साडेचारला आरवतं आणि सगळ्या गल्लीचं उजाडतं. पण कोंबड्या मुक्या असतात असंही समजू नका. अंडं घातलं की पाच-दहा मिनिटं दवंडी पिटतात, आणि ती बहुतेक सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान. म्हणजे नेमकी तुमच्या रातपाळीवाल्यांच्या झोपेच्या वेळी. खुराडं त्यांच्या खिडकीकडे करू नका, आजींच्या बाजूला करा, आणि आजींना आधी विचारा.

कुठली जात घेऊ हे सगळे विचारतात, खुराडं कसं करू हे कुणी विचारत नाही. पैसे घालायचे तर तिथे घाला. तो लाल कौलांचा पिंजरा विसरा. फोटोत पाहिले तर अशा पिंजऱ्यांना बहुतेक षटकोनी जाळी असते. ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. आमच्याकडे रंकाळ्याच्या मागल्या अंगाला मुंगूस दिवसाढवळ्या कुंपणाच्या भिंतीवरून फिरतं, आणि त्याला डोकं घालण्याइतकी फट मिळाली की अख्खं अंग मागोमाग येतं. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी) घ्या, फॅब्रिकेटरकडून अँगलच्या चौकटीवर मारून घ्या. खाली घूस उकरते, म्हणून तीच जाळी जमिनीत फूटभर गाडा, नाहीतर बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर फरशी टाका. दाराला नुसती कडी नको, कडीत खिटी घाला. आत दर कोंबडीमागे तीन-चार चौरस फूट जागा, बाहेर फिरायला आठ-दहा. तुमच्या परसात चार कोंबड्या आरामात बसतात. सहाचा विचार करू नका, मेथी राहणार नाही. तशीही वाफ्यांना जाळी लावावीच लागेल, कारण कोंबडीला सगळ्यात प्रिय काय, तर कुणीतरी नुकतीच भुसभुशीत केलेली माती.

आता वास. वास कोंबडीला नसतो, ओल्या घाणीला असतो. कोंबडी रात्रभर एका जागी बसते आणि निम्मी घाण तिथेच पडते. म्हणून बसायला दोन इंच रुंद, कडा गोल केलेला आडवा वासा द्या आणि त्याच्या बरोबर खाली राख पसरलेला पत्रा ठेवा. सकाळी पत्रा ओढायचा, घाण खरवडून खताच्या खड्ड्यात टाकायची, नवी राख पसरायची. चहाचं आधण उकळेस्तोवर होतं. जमिनीवर भाताचं तूस चार इंच पसरा आणि दोन दिवसांआड दाताळ्यानं खालवर करा. पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीवर ठेवा, नाहीतर उकरून उकरून त्यात तूस भरतात आणि सांडतात. पावसाळ्यात छप्पर सगळ्या बाजूंनी दीड-दोन फूट पुढे आलेलं हवं. एवढं केलं तर तुमचं सांगोल्याला जाणं टळेल.

सासूबाईंच्या तलंगा जरूर आणा, पण चारही गावठी नकोत. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, कारण दहा-पंधरा घातली की खुडूक बसते. एकदा बघाच ते. पिसं फुलवून खोक्यात चपटी पसरते, पोटाखाली हात घातला तर कढत लागतं, आणि घशातून घुरघुरत अशी टोचते की मनगटावर वळ उठतो. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या भुशावर बसून राहते. खाणं जेमतेम, अंडी बंद. काही जण तिला पाण्यात बुचकळतात, तसलं काही करू नका. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात उजेडात ठेवा, खालून वारा लागला की तीन-चार दिवसांत उतरते. खाणं-पाणी मात्र समोर हवं.

दोन गावठी लेकीसाठी आणा आणि दोन ग्रामप्रिया अंड्यांसाठी. ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं काढली. अंडी तपकिरी, वर्षाला दोनशेच्या आसपास. तिथलाच वनराज अंगानं भारी, मटणासाठी बरा. एक दिवसाची पिल्लं घेऊ नका. बल्ब लावून ऊब द्या, रात्री उठून बघा, आणि शेवटी त्यातले निम्मे कोंबडे निघतात. तीन-चार महिन्यांच्या तलंगाच घ्या. टोपलीतून गुलाबी-हिरवी पिल्लं विकायला येतात तीही नकोत. लेयर (म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या) हॅचरीत नर पिल्लांचा काही उपयोग नसतो, तीच रंगवलेली असतात. लेक हट्ट करेल, तरी नको.

कडकनाथ झाबुआचा, दिसायला देखणा, पण अंडी शंभराच्या आतच. 2019 मध्ये आमच्या सांगली-कोल्हापूर भागात त्याच्या नावावरच्या गुंतवणुकीत कितीजणांचे पैसे बुडाले ते इथे कुणालाही विचारा. त्यात पक्ष्याचा काही दोष नाही म्हणा.

खर्चाचं खरं सांगते. एक कोंबडी दिवसाला 110 ग्रॅमच्या आसपास लेयर खाद्य खाते. चौघींचं महिन्याला तेरा किलो. सुटं घेताना किलोला 40 रुपये धरा, म्हणजे सव्वापाचशे. चारही ग्रामप्रिया असल्या तर महिन्याला साठ-पासष्ट अंडी, म्हणजे एक अंडं आठ रुपयांना पडलं, खुराड्याचा खर्च वेगळा. शिळा भात, कणी, पाल्याचे देठ यांवर थोडं वाचतं. पैसे वाचवायला पाळणार असाल तर नादच करू नका. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, कवच पातळ येत नाही. खाद्याचं अख्खं पोतं पावसाळ्यात भरू नका. मक्याला बुरशी धरते आणि ती कोंबडीला मारते.

परवानगीचं तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य विभागाला विचारा. नियम शहरागणिक वेगळे आहेत, कोल्हापूरचं ऐकून धायरीत चालणार नाही.

घोडबंदरचा_पक्या

अक्कांचं सगळं मान्य, पण नाण्याची दुसरी बाजू मी सांगतो. आमच्या सोसायटीत तळमजल्याला बाग आहे, तिथे मी तीन कोंबड्या ठेवल्या होत्या. वासाची तक्रार कधी आली नाही. 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यातून बर्ड फ्लूची बातमी आली, आणि काल माझ्याकडून अंडी नेणारे लोक आज नाकाला रुमाल लावून जाऊ लागले. कमिटीची नोटीस आठवड्यात दारात. कोंबड्या बदलापूरला भावाकडे पाठवल्या. साथ लागली तर बाधित जागेभोवतीच्या एक किलोमीटरमधले सगळे पक्षी नष्ट करतात, त्यात घरच्या चारही येतात. सरकार भरपाई देतं, पण मुलीला ते कसं समजावणार? तुमचं रो-हाउस आहे, कमिटी नाही, हे एक बरं. तरी दोन्ही शेजाऱ्यांशी आधी बोला, कोंबड्या आणल्यावर नको.

गुरांचा_डॉक्टर (सातारा)

एक महत्त्वाचं राहिलं. गावाकडून आणलेल्या पक्ष्यांना मानमोडीची लस झाली आहे का ते विचारा. सासूबाई बहुधा नाही म्हणतील. मान पिरगळलेली, हिरवी हगवण, आणि दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं, अशी ती चाल असते. आजार झाल्यावर औषध नाही. दोन महिन्यांवरच्या पक्ष्याला आर-टू-बी ही लस टोचतात, पिल्लांना लासोटाचा थेंब डोळ्यात टाकतात. शहरात अडचण येते ती कुपीची. लहानात लहान कुपीसुद्धा शंभरेक मात्रांची असते, आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवायची. चार पक्ष्यांसाठी कुणी फोडत नाही. म्हणून लस सांगोल्यातच, गावातल्या बाकीच्या कोंबड्यांबरोबर दवाखान्यातून करून घ्या आणि दोन आठवड्यांनी पुण्याला न्या. ग्रामप्रिया दुसरीकडून आणणार असाल तर दोन्ही जोड्या किमान दोन आठवडे वेगवेगळ्या ठेवा. तीन महिन्यांनी एकदा जंताचं औषध पाण्यातून.

अंडी आणि खुराडं हाताळल्यावर मुलीला साबणानं हात धुवायला लावा. कोंबडीचे मुके घेणं बंद. हे माझ्या मुलालाही रोज सांगतो.

वऱ्हाडी_बापू

अकोल्यात पारा 44-45 ला जाते न भाऊ, तुमचं पुणं त्यामानानं थंड. तरी एप्रिल-मेमध्ये कोंबडी चोच उघडून धापा टाकत असली, पंख अंगापासून फाकवून उभी असली, तर तिला ऊन बाधतंय समजा. छपरावर ओलं गोणपाट टाका, पाणी मातीच्या परळात सावलीत ठेवा अन् दुपारी एकदा बदला. खाद्य सकाळी लवकर अन् सूर्य कलल्यावर, भर दुपारी नाही. अन् पत्र्याचं छप्पर डोक्यापासून दोन फूट तरी उंच घ्या.

धायरीचा_नील

सगळ्यांचे आभार. फॅब्रिकेटरला माप दिलंय, अर्ध्या इंचाचीच जाळी. सासूबाईंना लसीचं सांगितलं तर म्हणाल्या, आमच्या कोंबड्यांना कधी काही झालं नाही. मग मेहुण्याला कामाला लावलंय. रातपाळीवाल्यांना विचारलं, ते म्हणाले समोरच्या बांधकामापेक्षा कोंबडी बरी. उजवीकडच्या आजी अंड्यांना हात लावणार नाहीत, पण खत हवं म्हणाल्या, गुलाबांना. दोन प्रश्न उरलेत. मे महिन्यात आम्ही आठवडाभर बाहेर असतो, तेव्हा काय? आणि आजींना खत कधीपासून देऊ?

परसातली_अक्का (कोल्हापूर)

दोन दिवसांचं असेल तर खाद्य-पाणी जास्तीचं भरून आणि बाहेरच्या जाळीचं दार पक्कं लावून जाता येतं. आठवड्याला माणूस लागतोच. संध्याकाळी कोंबड्या आपणहून आत जातात, पण दार लावायला कुणीतरी हवं. रातपाळीवाल्यांना कामावर निघताना दार लावायला सांगा, त्या आठवड्याची अंडी त्यांची.

खत ताजं अजिबात देऊ नका, गुलाब जळतील. खड्ड्यात एक थर घाणीचा आणि दोन थर वाळक्या पाल्याचे, असं भरत जा, पंधरा दिवसांनी उलथत राहा. तीन महिन्यांनी काळं, मातीच्या वासाचं झालं की घमेलंभर नेऊन द्या. शेवग्याचा पाला मात्र त्यात टाकू नका, तो कोंबड्यांनाच घाला, आवडीनं खातात.