तीन मीटरची दगडी भिंत फुगली, वीपहोल मात्र कोरडे

घाटवाट:
नमस्कार मंडळी. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत 14 घरांसाठी सपाटीकरण झालंय. मूळ उतार 1:6. त्यात 18 मीटर रुंदीचा एकच टप्पा कापला, म्हणून मागे 3 मीटरची कड. तिला सिमेंटात बांधलेली दगडी भिंत. पाया 1 मीटर, माथा 45 सेंमी. वीपहोल (मागचं पाणी बाहेर काढणारी भोकं) 75 मिमीचे, दीड मीटरवर. पहिल्या मोठ्या पावसात भिंत तळापासून मीटरभर उंचीवर 6 सेंमी पुढे आली. वीपहोलमधून थेंब नाही. वर 2 हेक्टर डोंगर आहे. भिंत जाड केली तर भागेल का?

मुरूमवाला:
भागणार नाही. भर पावसात वीपहोल कोरडे म्हणजे पाणी मागे अडलंय. कापलेलीच लाल चिकण माती मागे ढकलली असणार, भोकं लिंपली गेली. हिशेब बघा: कोरड्या मुरमाचा रेटा धावत्या मीटरला 2.7 टन. तोच भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला की मातीचा दीड आणि पाण्याचा साडेचार, मिळून सहा. 1 मीटर पायाची भिंत कोरड्यातही काठावरच उभी असते. नुसता माथा कलला असता तर आधी पायावर संशय घेतला असता. पोट सुटलंय, म्हणजे पाणीच.

घाटवाट:
भराव लाल मातीचाच आहे. आणि वरच्या तीन घरांचे शोषखड्डे भिंतीपासून 2 मीटरवर आहेत.

मुरूमवाला:
अहो, हे आधी सांगायचं! म्हणजे पाऊस नसतानाही भिंतीमागे पाणी सोडणं चालूच आहे. ते आजच बंद करा, सांडपाणी बंद पाइपने टप्प्याच्या खाली न्या.

जांभाकाळा:
पावसाळ्यात भिंतीचा पाया उकरू नका. भिंतीखालची ये-जा थांबवा, मागच्या भेगा चिकण मातीने ठासून वर ताडपत्री घाला. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज सकाळी अंतर मोजा. वाढत असेल तर खालची घरं रिकामी करा, पंचनाम्याची वाट बघू नका. 22 जुलै 2021ला दरडीखाली गेलेलं तळिये शेजारच्याच महाड तालुक्यातलं.

डोंगराचं पाणी भिंतीच्या वरच वळवायचं. 2 हेक्टर, तासाला 100 मिमी पाऊस, वाहून येणाऱ्या पाण्याचा गुणांक 0.6 धरला तर सेकंदाला 0.33 घनमीटर. दगडी बांधणीचा 60 सेंमी रुंद, 55 सेंमी खोल चर 1:100 उताराने पुरतो. मातीचा चर नको. तो झिरपतो आणि कडेलाच भिजवतो. शेवट नैसर्गिक ओहोळात, शेजाऱ्याच्या भाताच्या खाचरात नव्हे.

तारजाळी:
दसऱ्यानंतर गॅबियन करा, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेली भिंत. मीटर-मीटर उंचीचे तीन थर: तळाला 2 मीटर रुंद, मधे दीड, वर 1. धावत्या मीटरला साडेचार घनमीटर, म्हणजे साधारण 1.6 ब्रास दगड. दगड 150 ते 250 मिमीचा काळा पाषाण, जांभा नको. जेसीबीने ओतलात तर पेटी पोटातून फुगते. हाताने रचा, दर 33 सेंमीला आडव्या तारा ओढा. मागे न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं, माती अडवणारं कापड) हवंच, नाहीतर माती वाहून जाऊन वर खड्डे पडतात.

बाकी, 18 मीटरचा एकच टप्पा कापायचा हट्ट कशाला? 9-9 मीटरचे दोन केले असते तर कड दीड मीटरचीच राहिली असती. उरलेल्या प्लॉटना तरी तसं करा. आणि घर पूर्ण कापलेल्या जमिनीवर ठेवा, अंगण भरावावर. अर्धं इकडे अर्धं तिकडे बसलेलं घर त्या सांध्यावरच तडकतं.